प्रश्न वॉर्डच्या दारापाशीच थांबला होता (व्हिएन्ना, १८४६-४८)

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधे तेव्हा बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकाच इमारतीत, एकमेकांना लागून. पहिला आणि दुसरा. भरती एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे अशी आलटून पालटून व्हायची. आणि ज्या बाईला कळायचं की आज आपला नंबर पहिल्या विभागात लागलाय ती अक्षरशः गुडघ्यावर बसून हात जोडायची, मला तिकडे नका पाठवू म्हणून. काही जणी तर वाटेतच, रस्त्यावर बाळंत व्हायच्या (किंवा तसं दाखवायच्या) आणि मग बाळ घेऊन हॉस्पिटलात यायच्या, कारण तसं केलं की अनाथालयाकडून बाळाच्या संगोपनाची जी सोय मिळायची ती मिळायची आणि पहिल्या विभागाच्या टेबलावर झोपावं लागायचं नाही.

ही केस बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, सेमेलवाइस आणि हात धुणं. पण ती सांगतात ती फार घाईत सांगतात, एका हुशार डॉक्टरला सुचलं, बाकीच्यांनी ऐकलं नाही, संपलं. मला त्यातला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणजे सुचायच्या आधीचे ते काही महिने, जेव्हा माणूस हुशार होता, मेहनती होता, प्रश्नही प्रामाणिकपणे विचारत होता आणि तरीही उत्तर सापडत नव्हतं. तो भाग नीट उलगडून बघितला की कळतं की अडलं कुठे होतं. म्हणून ही केस सविस्तर लिहितोय.

आधी आकडे, कारण सगळं त्यांच्यावरच उभं आहे. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका गेल्या, म्हणजे दहा टक्क्यांच्या जवळपास. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणं आणि ६९१ मृत्यू, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. नुसतं १८४६ साल घेतलं तर फरक आणखी भयानक आहे, इकडे ४,०१० पैकी ४५९ आणि तिकडे ३,७५४ पैकी १०५. आजार एकच, बाळंतज्वर. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप भरायचा, पोट फुगायचं, आणि बाई काही दिवसांत जायची.

पहिल्या विभागात शिकाऊ डॉक्टर असायचे आणि दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. ही वाटणी १८४० च्या सुमाराची, त्याआधी दोन्हीकडे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असायचे आणि दोन्हीकडचा मृत्युदर साधारण सारखा असायचा. हे वाक्य लक्षात ठेवा.

इग्नाझ सेमेलवाइस जुलै १८४६ मधे पहिल्या विभागात प्रोफेसर योहान क्लाइन यांचा असिस्टंट झाला, वय २८. त्याच्यासमोर जो प्रश्न आला तो सगळ्या युरोपातल्या डॉक्टरांसमोर होता: बाळंतज्वर कशामुळे होतो? आणि त्याचं ठरलेलं उत्तर होतं, हवेत, वातावरणात, जमिनीत काहीतरी बिघडतं आणि साथ येते. आता हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याला काहीही उत्तर चालतं, दूषित हवा म्हणा, भीती म्हणा, दूध उतरण्यातला बिघाड म्हणा, कुठलंच उत्तर खोटं ठरवता येत नाही.

सेमेलवाइसचं पहिलं मोठं काम म्हणजे त्याने हा प्रश्न छोटा केला. ज्वर का होतो हे सोडा, इथे जास्त आणि भिंतीपलीकडे कमी का, ते सांगा. एवढ्याने केवढा फरक पडला बघा. वातावरण दोन्ही विभागांना एकच, शहर एकच, साथ असेल तर ती दार बघून आत शिरणार आहे का, आणि बाहेर शहरात घरी बाळंत होणाऱ्या बायकांत साथ नसताना इथेच बारा महिने साथ कशी? एका फटक्यात सगळी हवा-पाण्याची उत्तरं बाद. शिवाय भरती आलटून पालटून होत असल्यामुळे गरीब-श्रीमंत, अशक्त-सशक्त हाही मुद्दा उरत नाही, दोन्हीकडे सारख्याच बायका येणार. ती भरतीची पद्धत कोणी प्रयोग म्हणून लावलेली नव्हती, कामाच्या सोयीसाठी होती, पण तुलना करायला इतकी स्वच्छ मांडणी मुद्दाम करूनसुद्धा मिळत नाही.

मग त्याने दोन विभागांतले फरक एकेक करून तपासायला घेतले. गर्दी? गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त होती, कारण पहिल्याला सगळ्या टाळायच्या. जेवण, हवा, कपडे सारखेच. बाळंतपणाची पद्धत? पहिल्यात बाई उताणी, दुसऱ्यात कुशीवर, त्याने पहिल्यातही कुशीवर सुरू केलं, काही फरक नाही. मग पाद्री. शेवटचे संस्कार करायला येणारा पाद्री पहिल्या विभागात आजारी खोलीपर्यंत जाताना सगळ्या वॉर्डांतून जायचा आणि पुढे एक जण घंटा वाजवत चालायचा, दुसऱ्या विभागात त्याला थेट जाता यायचं. घंटेच्या धसक्याने बायका खचत असतील का? त्याने पाद्रीला विनंती करून घंटा बंद केली, वाट बदलली. तरी काही नाही.

पाद्रीची गोष्ट सांगताना लोक थोडं हसतात, मला ते पटत नाही. त्याने एक शक्यता घेतली, ती बदलून बघितली, आकडे बघितले आणि सोडून दिली. त्या काळात त्या इमारतीत असं करणारा तो जवळजवळ एकटा होता. चूक तपासण्याच्या पद्धतीत नव्हती, यादीत होती.

आणि त्या यादीबरोबरच त्याच्याकडे काही विचित्र गोष्टी साठलेल्या होत्या ज्या कुठेच बसत नव्हत्या. रस्त्यावर बाळंत होऊन आलेल्या बायका, ज्यांना खरं तर जास्त त्रास व्हायला हवा, त्या फारशा आजारी पडत नव्हत्या. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या पण नाही. उलट जिचं गर्भाशयाचं तोंड उघडायला एक-दोन दिवस लागायचे ती पहिल्या विभागात हमखास जायची आणि दुसऱ्यात तशीच बाई सुखरूप राहायची. आणि पहिल्या विभागात आजार ओळीने यायचा, एका रांगेतल्या सगळ्या खाटा, हे दुसऱ्यात होत नव्हतं.

इथे जरा थांबून या चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. रस्त्यावर बाळंत झालेलीची आत तपासणी होत नाही. अचानक लवकर बाळंत होणारीची तपासणी व्हायला वेळच मिळत नाही. जिला दोन दिवस लागतात तिची तपासणी परत परत होते, एका विद्यार्थ्याने, मग दुसऱ्याने. आणि ओळीतल्या खाटांची तपासणी ओळीने होते. चारही बोटं एकाच जागेकडे दाखवतायत, तपासणाऱ्या हाताकडे. मग त्याला दिसलं का नाही?

माझ्या मते कारण असं की तपासणी हा "फरक" नव्हता. दोन्ही विभागांत तपासणी होते, सुईणीही करतात, डॉक्टरही करतात, म्हणून यादी करताना ती समान बाबींत गेली आणि तिथेच राहिली. त्याचा प्रश्न होता, या दोन वॉर्डांच्या आत काय वेगळं आहे? आणि वॉर्डांच्या आत खरंच फार काही वेगळं नव्हतं. फरक वॉर्डच्या बाहेर होता, सकाळी, दुसऱ्या जागी, जिथे डॉक्टर आणि विद्यार्थी काल गेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करायचे आणि तिथून थेट वॉर्डात यायचे. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. प्रश्न दारापाशी थांबला त्यामुळे दाराबाहेरची सकाळ त्यात आलीच नाही. त्यात तपासणारा माणूस म्हणजे तो स्वतः, आणि स्वतःला यादीत एक बाब म्हणून लिहायचं हे कोणाच्याच मनात सहज येत नाही.

मधे एक फसवी गोष्ट घडली, आणि ही केस कोणाला शिकवायची असेल तर इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. १८४६ च्या शेवटी एका समितीने ठरवलं की मृत्यू वाढण्याचं कारण म्हणजे विद्यार्थी, त्यातही परदेशी विद्यार्थी, तपासणी धसमुसळी करतात. म्हणून विद्यार्थी ४२ वरून २० वर आणले, परदेशी जवळपास सगळे कमी केले. आणि मृत्युदर खरंच उतरला. डिसेंबरमधे पाच टक्क्यांच्या वर होता, फेब्रुवारीत दोनच्या खाली आला. कुठल्याही समितीला यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे? आपण बरोबर होतो. मग एप्रिल १८४७, विद्यार्थी तेवढेच, आणि ३१२ बाळंतपणांत ५७ मृत्यू, अठरा टक्क्यांच्या वर.

मधल्या काळात काय बदललं होतं? सेमेलवाइसच्या आधीचा असिस्टंट ब्राइट ऑक्टोबर १८४६ मधे परत आला होता म्हणून सेमेलवाइस बाजूला झाला होता, आणि मार्च १८४७ मधे ब्राइट दुसरीकडे गेल्यावर सेमेलवाइस पुन्हा त्या जागेवर आला. ब्राइट शवविच्छेदन फार करत नव्हता. सेमेलवाइस रोज सकाळी करायचा, मन लावून, कारण त्याला या आजाराचं कारण शोधायचं होतं. म्हणजे जितकं जास्त शोधायचा तितका आकडा वर जायचा. हे त्याला नंतर कळलं आणि त्याने ते लपवलं नाही, आपल्या हाताने किती बायका अवेळी गेल्या हे देवालाच माहीत, या अर्थाचं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. मला हे वाचताना प्रत्येक वेळी गलबलून येतं.

समितीचा उपाय काही काळ चालला तो पण याच कारणाने, हात कमी झाले. धसमुसळेपणा हे कारण नव्हतंच, बाळाचं डोकं बाहेर येताना जो ताण पडतो त्यापुढे तपासणीचं बोट म्हणजे काहीच नाही. उपाय लागू पडला म्हणजे कारण कळलं असं नसतं, आणि समितीने एप्रिलपर्यंत हा प्रश्न विचारायची गरजच पडू दिली नाही की हे नेमकं कशामुळे उतरलं.

आता कोलेच्का. मार्च १८४७ मधे सेमेलवाइस व्हेनिसला थोडे दिवस जाऊन परत आला तेव्हा कळलं की त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्रोफेसर याकोब कोलेच्का गेला. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली आणि काही दिवसांत सगळ्या अंगात आजार पसरला. सेमेलवाइसने त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि त्यात जे होतं ते त्याने शेकडो बायकांत बघितलेलं होतं, पोटाच्या आतल्या आवरणाला सूज, फुप्फुसाच्या आवरणाला, हृदयाच्या आवरणाला, मेंदूच्या आवरणाला. त्या बायकांच्या मेलेल्या नवजात बाळांतही, मुलगा असो की मुलगी, हेच दिसायचं.

लोक म्हणतात इथे त्याला सुचलं. हो पण नेमकं काय झालं ते बघितलं पाहिजे. आजाराचं नावच बाळंतज्वर होतं. नावातच उत्तर भरलेलं होतं, हा आजार बाळंतपणाने होतो, म्हणून कारण बाईच्या अंगात शोधायचं, तिच्या दुधात, गर्भाशयात, तिच्या भीतीत. कोलेच्का पुरुष होता. त्याला बाळंतज्वर कसा होईल? एक तर म्हणायचं की हा वेगळा आजार आहे, फक्त सारखा दिसतो, किंवा म्हणायचं की आजार तोच आहे आणि नाव चुकलंय. त्याने दुसरं निवडलं. आणि एकदा नाव बाजूला ठेवल्यावर प्रश्न असा झाला: कोलेच्काच्या अंगात काय गेलं हे मला माहीत आहे, सुरीवरून प्रेतातलं काहीतरी गेलं, तर तेच या बायकांच्या अंगात जायला काही वाट आहे का? या प्रश्नाला वॉर्डच्या भिंती नाहीत. तो सरळ शवविच्छेदनाच्या खोलीत जातो आणि तिथून हातांवरून वॉर्डात येतो. ज्या चार विचित्र गोष्टी कुठे बसत नव्हत्या त्या सगळ्या बसल्या.

पुढे हात धुण्याचा भाग, आणि यातही एक बारीक गोष्ट सुटून जाते. डॉक्टर हात धुतच नव्हते असं नाही, साबणाने धुवायचे. तुम्ही त्यांना विचारलं असतं की हात धुता का, तर सगळे हो म्हणाले असते आणि खरंच बोलले असते. सेमेलवाइसने विचारलं की साबणाने धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास येतो का? येतो. मग जे प्रेतातलं आहे ते अजून हातावर आहे. म्हणजे वास जाईल असं काहीतरी पाहिजे. म्हणून क्लोरीनचं पाणी, आणि ते महाग पडायला लागल्यावर क्लोरीन मिसळलेला चुना, आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो ती. जंतूंमुळे आजार होतात हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं, त्याच्याही डोक्यात जंतू नव्हते, वास हीच त्याची मोजपट्टी होती, पण ती नाकाने तपासता येणारी होती, हो-नाहीमधे उत्तर देणारी होती, आणि तेवढं पुरलं.

मे १८४७ च्या मध्यापासून प्रत्येकाने वॉर्डात येताना या पाण्यात हात घासून धुवायचे असा नियम झाला. एप्रिल अठरा टक्क्यांच्या वर, मे बारा, जून सव्वादोनच्या आसपास, जुलै एकच्या जरा वर. १८४८ चं पूर्ण वर्ष पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणं आणि ४५ मृत्यू, दुसऱ्यात ३,२१९ आणि ४३. फरक मिटला. मार्च आणि ऑगस्ट १८४८ मधे पहिल्या विभागात एकही बाई गेली नाही.

पण मधे ऑक्टोबर १८४७ आहे. गर्भाशयाच्या कॅन्सरची एक बाई बाळंतपणाला आली, तिला पहिल्या खाटेवर ठेवलं, तपासणी तिच्यापासून सुरू व्हायची आणि पुढे जाताना दोन बायकांच्या मधे हात फक्त साबणाने धुतले जायचे. तेव्हा तिच्याबरोबर बाळंत झालेल्या बारापैकी अकरा बायका गेल्या. प्रेताचा इथे काही संबंध नव्हता. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता की बघा, प्रेताची थिअरी चुकली, किंवा म्हणाला असता की हा अपवाद. त्याने उत्तर रुंद केलं, प्रेत हा फक्त एक स्रोत आहे, कुठलाही सडणारा जैविक पदार्थ, जिवंत माणसाचासुद्धा, तेच करतो. म्हणून आता दारापाशी एकदा नाही, प्रत्येक बाईनंतर. स्वतःच्याच उत्तराला परत प्रश्न करण्याची ही तयारी मला त्या मूळ शोधाइतकीच मोठी वाटते.

आणि इथूनच केसचा दुसरा, दुःखाचा भाग सुरू होतो कारण त्याच्या डोक्यात जे स्वच्छ झालं होतं ते बाहेर तसं पोचलंच नाही. त्याने स्वतः लिहिलं नाही. मित्र फर्डिनांड हेब्राने डिसेंबर १८४७ आणि एप्रिल १८४८ मधे त्याच्या वतीने छोटे लेख लिहिले आणि बाहेरच्यांच्या डोक्यात बसलं ते एवढंच की प्रेतामुळे होतं. मग ज्या हॉस्पिटलात शवविच्छेदनं होत नव्हती पण ताप होता तिथले डॉक्टर म्हणाले हे आमच्याकडे लागू नाही. ब्रिटनमधे बरेच जण आधीपासून हा आजार एकीकडून दुसरीकडे लागतो असं मानत होते, ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मधेच तसं लिहिलं होतं, त्यांना वाटलं हा माणूस आमचीच जुनी गोष्ट सांगतोय. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं, एका तापवाल्या बाईकडूनच दुसरीला जातो असं नाही, सडणारं काहीही, कुठूनही. दोन्ही बाजूंनी गैरसमज आणि तो दूर करणारं पुस्तक यायला १८६१ उजाडलं. तोपर्यंत व्हिएन्नातली नोकरी गेली होती (१८४९ मधे मुदत वाढवली नाही), तो पेस्टला (आताच्या बुडापेस्टचा एक भाग) निघून गेला होता, तिथे सेंट रोकुस हॉस्पिटलात सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत या तापाने फक्त ८ मृत्यू झाले होते, आणि पुस्तकानंतर तो उघड पत्रांतून नावं घेऊन प्रोफेसरांना खुनी म्हणायला लागला. १८६५ मधे वेड्यांच्या इस्पितळात ४७ व्या वर्षी गेला.

बाकीच्या डॉक्टरांची सुटका करायची माझी इच्छा नाही, आकडे त्यांच्या डोळ्यासमोर होते. तरी मला असं वाटतं की त्याने लोकांना निष्कर्ष दिला, प्रश्न दिला नाही. हात धुवा असं सांगितलं. तुमच्या हॉस्पिटलात कोणती बाई आजारी पडत नाही ते शोधा, असं सांगितलं असतं तर ज्याच्याकडे प्रेतं नव्हती तो पण आपल्या जागी काहीतरी शोधायला लागला असता. कदाचित. १८४८ च्या क्रांतीच्या गडबडीत किती ऐकलं गेलं असतं ते वेगळं.

एक प्रश्न राहिला, केव्हापासून? तो त्याने पण जरा उशिराच विचारला. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की १७८४ ते १८२२ या काळात ७१,३९५ बाळंतपणं झाली आणि ८९७ बायका गेल्या, सव्वा टक्का. तेव्हाचा बराच काळ प्रमुख असलेला बोअर विद्यार्थ्यांना प्रेतावर नाही तर पुतळ्यावर शिकवायचा. १८२३ पासून क्लाइन आले, प्रेतावर शिकवणं सुरू झालं, आणि आकडा एका वर्षात एकच्या आतून सातच्या वर गेला. मग १८४० च्या सुमाराला विद्यार्थ्यांची वाटणी झाली आणि दुसऱ्या विभागाचा आकडा खाली यायला लागला, पहिल्याचा नाही. हे सगळं कागदावर होतं, त्याच इमारतीत, कोलेच्काच्या बोटाला सुरी लागायच्या कितीतरी आधीपासून.

आणि कागद न वाचणाऱ्या बायकांना पण माहीत होतं. त्यांना कारण सांगता आलं नसतं पण कोणत्या दिवशी जायचं नाही आणि कोणाच्या हाताखाली जायचं नाही हे त्या बरोबर सांगत होत्या, दारात गुडघ्यावर बसून, रोज, आणि ते ऐकून बहुतेकांनी त्याची नोंद भीती म्हणून केली.